कुंडी केवढी आहे?

पुण्याच्या आसपासच्या कुठल्याही रोपवाटिकेत सकाळी गेलात तर शेडच्या कडेला मिश्रणाचा एक मोठा ढीग दिसेल. लाल माती, कुजलेलं शेणखत, थोडं कोकोपीट, वरून निंबोळी पेंड. फावड्याने दोन-तीनदा वर-खाली करायचं आणि भरायला बसायचं. त्याच ढिगातून काळ्या पिशव्या भरतात, 4 इंची कुंड्या भरतात, 12 इंची भरतात आणि एखाद्या गिऱ्हाइकाने ड्रम आणला तर तोही. मी हे काम अशाच ढिगाशेजारी बसून शिकले. रोपवाटिकेपुरतं ते ठीकच असतं. तिथलं रोप दोन-तीन महिन्यांत विकलं जातं आणि त्या मिश्रणाचं पुढे काय झालं हे भरणाऱ्याला दिसत नाही. नंतर मी लोकांच्या बाल्कन्या आणि गच्च्या सांभाळायला लागले. तेच झाड, तीच कुंडी, वर्षानुवर्षं. तेव्हापासून एका ढिगातून सगळं भरणं मी थांबवलं.

लोक फोनवर विचारतात, "ताई, मातीत काय काय घालू?" मी विचारते, "कुंडी केवढी आहे? आणि खोल किती?" काहींना वाटतं मी उत्तर टाळतेय. पण हे कळल्याशिवाय बाकी काही सांगण्यात अर्थ नसतो. कुंडी न बघता चांगली ठरवता येईल अशी माती नसते. 10 इंच खोल कुंडीत जी छान चालते तीच 4 इंच खोल ट्रेमध्ये चिखल होऊन बसते आणि दोन फुटी ड्रममध्ये दोन पावसाळ्यांनंतर दबून घट्ट होते.

शेतात पाऊस पडला की पाणी खाली उतरतं, खालची माती ते ओढून घेते आणि चार-दोन दिवसांत वाफसा येतो. मातीत ओलही असते आणि हवाही. कुंडीत पाणी तळापर्यंत उतरतं आणि तिथे अडतं. भोक असलं तरी अडतं. मातीच्या कणांमधल्या बारीक फटी पाणी धरून ठेवतात आणि भोकाखालची मोकळी हवा काही ते ओढून घेत नाही. वरच्या पाण्याचा पुरेसा दाब आला तरच थेंब सुटतो. म्हणून निथळणं थांबल्यावरही तळाशी एक थर पूर्ण भिजलेला राहतो, त्यात हवा जवळजवळ नसते. या थराची जाडी कुंडी केवढी आहे यावर ठरत नाही, मातीचे कण किती बारीक आहेत यावर ठरते. एखाद्या मिश्रणात तो थर 3 इंचांचा असेल तर तो 5 इंच खोल ट्रेमध्येही 3 इंच आणि 20 इंच खोल ड्रममध्येही 3 इंचच. ड्रममध्ये वर 17 इंच मोकळी, श्वास घेणारी माती उरते. ट्रेमध्ये उरते 2 इंच. माझ्या कामातला निम्मा विचार या एका गोष्टीभोवती फिरतो.

हे तोंडी सांगून कुणाला पटत नाही. मग मी मेथीचा किंवा कोथिंबिरीचा एखादा लांबट प्लास्टिकचा ट्रे उचलते. त्याला भरपूर पाणी घालायचं, दोन विटांवर ठेवायचा आणि खालून पडणारा थेंब पूर्ण थांबेपर्यंत वाट बघायची. सगळे म्हणतात, झालं, निथळला. मग त्याची एक बाजू हळूहळू वर उचलायची, जवळजवळ उभा करायचा. खालच्या कोपऱ्यातल्या भोकातून पुन्हा धार लागते. एक थेंबही नवं पाणी घातलेलं नसतं. ट्रे आडवा असताना तळभर पसरून बसलेलं पाणी आता एका कोपऱ्यात गोळा होतं, तिथे त्याची उंची वाढते आणि जादाचं पाणी सुटतं. गच्चीवर हे पहिल्यांदा बघणारी माणसं वाकून भोकाकडे बघत राहतात. एका आजींनी तर मला तो ट्रे पुन्हा आडवा करून पुन्हा उभा करायला लावला. पावसाळ्यात ट्रेच्या एका टोकाखाली फरशीचा तुकडा सरकवून ठेवायचा, एवढ्या एका गोष्टीने त्यांच्या पालेभाजीची मुळं वाचतात.

विटांच्या तुकड्यांबद्दल मात्र मला दर वेळी वाद घालावा लागतो. तळाला दोन इंच खडी किंवा विटांचे तुकडे घातले की निचरा चांगला होतो, हे इतकं खोल रुजलंय की त्याविरुद्ध बोललं तर जुने माळी नाराज होतात. पण बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या फटींमध्ये सहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजेपर्यंत ते तिथेच थांबतं. म्हणजे तो ओला थर नाहीसा होत नाही, फक्त दोन इंच वर सरकतो. मोठ्या खोल कुंडीत त्याने फारसं बिघडत नाही, आणि ही पद्धत इतकी वर्षं टिकली ती त्यामुळेच असावी. 6 इंची कुंडीत मात्र मुळांच्या वाट्याला आधीच थोडी जागा, त्यातली दोन इंच खडीने खाल्ली. मी भोकावर खापरीचा एकच तुकडा ठेवते, माती वाहून जाऊ नये म्हणून. बाकी सगळी कुंडी एकाच मिश्रणाने भरते. जिथे पाणी फारच साचतं तिथे भोकातून नायलॉनच्या सुतळीचा तुकडा ओवून तो तीन-चार इंच खाली लोंबत ठेवते. सुतळी तळातलं पाणी ओढून खाली टपकवते. सुती दोरी नको, ती कुजते.

उथळ भांड्याला भरड माती, हा त्यातून निघणारा साधा नियम. बोन्साय करणाऱ्यांना तो पक्का माहीत असतो. त्यांच्या दोन-अडीच इंचांच्या ट्रेमध्ये नवख्या माणसाला माती दिसतच नाही, नुसती खर दिसते: विटांचा चाळलेला चुरा, भरड वाळू. बारीक धूळ चाळून काढून टाकलेली असते. एवढ्या उथळ भांड्यात पोयटा भरला तर ट्रे तळापासून वरपर्यंत ओलाच राहील. भरड मिश्रण पाणी धरत नाही, म्हणून रोज पाणी द्यावं लागतं, एप्रिल-मेमध्ये दोनदा. पाणी वारंवार घालणं माणसाच्या हातात आहे, भांड्याच्या तळाशी हवा घालणं नाही. म्हणून मी नेहमी पहिल्याची मेहनत पत्करते.

तुळशीबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण सगळ्यात जास्त फोन तिचेच येतात. "तुळस टिकत नाही हो आमच्याकडे," असं सांगताना बायकांच्या आवाजात काळजी असते. घरात काहीतरी बरं नाही, असाही अर्थ काही जणी त्यातून काढतात. मी जाऊन बघते ते सिमेंटचं किंवा संगमरवरी चुऱ्याचं छोटं वृंदावन. बाहेरून दीड-दोन फूट उंच, पण आतला खळगा जेमतेम 5-6 इंच खोल, खालचं सगळं भरीव. बऱ्याचदा भोकच नसतं, किंवा असतं ते बोरूच्या टोकाएवढं आणि सिमेंटने बुजलेलं. त्यात लाल माती ठासून भरलेली आणि वर रोजचं तांब्याभर पाणी. वाड्याच्या अंगणातली वृंदावनं बांधीव असायची. बऱ्याच ठिकाणी आतली माती थेट खालच्या जमिनीला मिळालेली असे. तिथे रोज तांब्याभर पाणी घातलं तरी ते उतरून जाई. पूजा तीच राहिली, पण पाणी मुरायला खालची जमीन राहिली नाही.

मी आधी ड्रिलने भोक मोठं करून घेते. मग निम्मी भरड वाळू किंवा विटांची खर, पाव भाग माती, पाव भाग गांडूळखत असं भरते. आणि पाणी रोज घालायचंच असेल तर तांब्याऐवजी पळीने घाला असं सांगते. पूजाही होते आणि मुळंही कुजत नाहीत. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडायच्या. तुळस तशीही फार वर्षं जगणारी नाही, पण दर दोन महिन्यांनी नवं रोप आणावं लागणं यात घराचा काही दोष नसतो, दोष त्या खळग्याचा असतो. हे ऐकून एखाद्या मावशींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो, तेव्हा मला माझं काम फार आवडतं.

लहान कुंडीचा दुसरा प्रश्न साठ्याचा. कुंडीचा व्यास आणि खोली दोन्ही दुप्पट केली की आत मावणारी माती आठपट होते. 6 इंची कुंडीत साधारण दोन लिटर माती बसते, 12 इंचीत सोळाच्या आसपास. डोळ्यांना मात्र 12 इंची कुंडी नुसती दुप्पट दिसते आणि माणूस पाणी, खत सगळं त्या अंदाजाने घालतो. 6 इंची कुंडीतला एक चमचा रासायनिक खत म्हणजे 12 इंचीतले आठ चमचे. पानांच्या कडा करपल्या म्हणून लोक मला फोटो पाठवतात, तेव्हा किती खत घातलं हे विचारण्याआधी मी कुंडीचा फोटो मागते. त्यात बोअरचं पाणी असेल तर क्षारांची भर. मातीच्या लहान कुंड्यांवर बाहेरून पांढरी पुटं चढतात, ती हीच. लहान कुंडीला खत पातळ करून, थोडं थोडं, आणि महिन्यातून एकदा खालून भरपूर वाहून जाईल असं साधं पाणी द्यावं. लहान कुंडीतल्या मातीकडे ना खत साठवायला जागा असते, ना चूक पोटात घालायला.

उन्हाळ्यात हा साठा अजून तोकडा पडतो. काळी पिशवी किंवा काळी प्लास्टिकची कुंडी दक्षिणेच्या उन्हात असेल तर कडेची मुळं अक्षरशः शिजतात. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी उडतं, ती गार राहते, पण लहान कुंडीत आतल्या मातीच्या मानाने अंगच जास्त, म्हणून ती दुपारपर्यंत कोरडी. कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी झटकतं. वरून घातलेलं पाणी कडेने सरसर खाली जातं, ताटलीत साठतं, आणि माणसाला वाटतं कुंडी भिजली. उचलून बघावी, हलकी लागली तर भिजलेली नाही. अशी कुंडी बादलीत किंवा टबमध्ये अर्धा तास बुडवून ठेवायची. हे लहान कुंडीचं सुख, ड्रम बुडवता येत नाही.

मोठ्या कुंडीत छोटं रोप लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. "एकदाच मोठ्या कुंडीत लावून टाकू, सारखी बदलायला नको." हेतू चांगला असतो. पण अ‍ॅग्लोनेमा किंवा झीझीचं 4 इंची रोप 16 इंची शोभेच्या कुंडीत लावलं की मुळं पाणी पितात ते मधल्या मूठभर मातीतलं. बाकीच्या मातीतलं पाणी प्यायला कुणी नसतं. घरात ऊन नाही, श्रावणात हवा दमट, मग ती माती महिनाभर ओली राहते आणि मुळं तिच्यात पोचण्याआधीच कुजायला लागतात. सावलीतल्या, सावकाश वाढणाऱ्या झाडांना मी दोन इंचांनीच मोठी कुंडी देते. टोमॅटो, वांगी, भोपळा यांची गोष्ट वेगळी. ती भराभर माती व्यापतात, त्यांना सरळ 15-20 लिटरच्या पिशवीत लावलं तरी चालतं.

मोठी कुंडी वाईट असं यातून कुणी समजू नये. जर्मनीतल्या युलिश इथल्या हेंड्रिक पूर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये 65 अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले. कुंडीतली जागा दुप्पट केली की झाडाची वाढ सरासरी 43 टक्क्यांनी वाढते, असं त्यांना दिसलं. ते वाचलं तेव्हा गच्चीवरचे कितीतरी खुरटलेले मोगरे आणि जास्वंदी माझ्या डोळ्यांपुढे आल्या. 8 इंची कुंडीत अडकलेल्या जास्वंदीला तुम्ही कितीही शेणखत द्या, तिला हवी असते जागा. अशी कुंडी उलटी करून थोपटली की मातीचा गड्डा जसाच्या तसा बाहेर येतो, सगळीकडून मुळांनी गुंडाळलेला, माती जवळजवळ संपलेली. गुंडाळलेली मुळं कात्रीने उभी कापायची आणि मगच पुढच्या कुंडीत लावायचं, नाहीतर नव्या मातीतही ती गोल गोलच फिरत राहतात.

ड्रमची माती सांभाळणं हे तर निराळंच काम आहे. 200 लिटरचा निळा ड्रम मधोमध कापला की 100 लिटरची दोन भांडी होतात. लिंबू, चिकू, पेरू, डाळिंब, कढीपत्ता यांत छान येतात. एका गच्चीवर लिंबाची पानं पिवळी पडत चालली होती. वरून माती भुसभुशीत, छान शेणखत घातलेलं. ड्रम आडवा करून खालची माती ओढून काढली, तर शेवटचं वीतभर सगळं काळं, चिकट, नाक धरावं असा वास. भरणाऱ्याने प्रेमाने निम्मं शेणखत घातलं होतं. लहान कुंडीत शेणखत कुजून माती खाली बसली तर दर वर्षी कुंडी रिकामी करून पुन्हा भरता येते. ड्रम पाच-सात वर्षं हलत नाही. तळातलं सेंद्रिय खत हवेशिवाय सडतं, कण बारीक होत जातात आणि तो ओला थर वर्षागणिक जाड होत जातो. म्हणून ज्या भांड्यातली माती बदलता येणार नाही, त्यात लवकर कुजणारं काही मी मुळात भरत नाही. तिथे न कुजणारा भाग जास्त: विटांची खर, भरड वाळू, थोडी लाल माती, खत फार तर पंचमांश. पुढचं सगळं पोषण वरून. दर पावसाळ्याआधी वरची तीन-चार इंच माती खुरप्याने काढायची, नवं गांडूळखत घालायचं, पालापाचोळ्याने झाकायचं. त्या लिंबाचं तेच केलं, सडलेली मुळं छाटली, आणि पुढच्या बहाराला त्याने नवी पालवी धरली.

भाराचाही विचार इथेच करावा लागतो. असा 100 लिटरचा ड्रम ओल्या मातीसह दीडशे किलोच्या घरात जातो आणि उभा राहतो जेमतेम पाव चौरस मीटर जागेवर. आयएस 875 या भारतीय मानकात माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दीडशे किलो, एवढा वावराचा भार धरलेला आहे. एखाद-दुसऱ्या ड्रमने काही होत नाही, रांगाच लावायच्या असतील तर आधी इंजिनिअरला दाखवा, तुळईच्या वर ठेवा, असं मी बजावते. काही जण भार कमी करायला नुसतं कोकोपीट भरतात. मग वळवाचा वारा सुटला की झाड ड्रमसकट कलंडतं.

गावाहून आणलेल्या मातीबद्दल मला नेहमी हळवं व्हायला होतं. मराठवाड्यातून पुण्यात मुलाकडे राहायला आलेले एक काका शेतातली काळी माती एका गोणीत घेऊन एसटीने आले होते. "ही खत न घालता पीक देणारी माती आहे," असं ते म्हणाले, आणि त्यांच्या शेतात ते खरंच होतं. ती माती त्यांना बाल्कनीतल्या सहा कुंड्यांत भरायची होती. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. शेतात उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि वरची माती त्या भेगांत पडून जमीन आपोआप उकरली जाते. 8 इंची कुंडीत मात्र ती आकसून भिंतीपासून सुटते, बोट जाईल एवढी फट पडते, घातलेलं पाणी त्या फटीतून निघून जातं आणि आतला गड्डा विटेसारखा कोरडा. पावसाळ्यात उलट, आठवडाभर वाफसाच येत नाही. मी काकांना नाही म्हटलं नाही. गच्चीवर त्यांच्या मुलाने कढीपत्त्यासाठी ड्रम घेतला होता, त्यात खर आणि लाल मातीबरोबर दहावा हिस्सा त्यांची काळी माती मिसळली. खोल भांड्यात, भरड मिश्रणात ती अन्न धरून ठेवते, पाणी धरते आणि आकसायला तिला पुरेसं अंगही नसतं. उरलेली गोणी सोसायटीच्या कुंपणालगतच्या वाफ्यात ओतली. तिथे काका आता शेपू लावतात.

दिवाळी झाली, हवा कोरडी झाली की माझं कुंड्या रिकाम्या करण्याचं काम सुरू होतं. जुनी माती लोक फेकून देतात, मला ते बघवत नाही. ताडपत्रीवर पसरून चार दिवस ऊन दाखवायचं, मुळं वेचायची आणि वाळू चाळायच्या चाळणीने चाळायची. चाळणीवर राहिलेली भरड खर उथळ ट्रे आणि तुळशीच्या खळग्यांसाठी बाजूला. खाली पडलेली माती दुसऱ्या, बारीक चाळणीतून पुन्हा चाळायची. तिच्यावर राहील ते मधल्या मापाच्या कुंड्यांना, थोडं नवं खत मिसळून. आणि खाली पडलेली पिठासारखी माती कुठल्याच कुंडीत नाही. ती घमेल्यातून कुंपणालगतच्या वाफ्यात, कारण तिथलं पाणी खाली उतरायला जागा आहे. माझ्याबरोबर काम करणारे दादा आता भरताना मला विचारत नाहीत. कुंडीत वीत घालून खोली बघतात आणि त्या त्या ढिगाकडे वळतात.